डुकराच्या मागून

तेलाच्या नळीत महिन्यातून एकदा डुक्कर सोडतात. हसू नका. लोखंडी धड, भोवती रबरी वाट्या, पोटात यंत्रं. तेलाच्या जोराने ते आतून सरकत जातं, गाळ खरवडतं आणि नळी कुठे गंजली ते टिपून ठेवतं. साहेबांनी त्याला भलंमोठं नाव दिलंय, पण ते उच्चारताना त्यांचीच बोबडी वळते.

ठोक्याचं काम डुकराच्या पुढे पळायचं. सतराव्या खांबापाशी नळी जमिनीतून हातभर वर येते. तिथे उकिडवं बसायचं, कान लावायचा आणि डुक्कर गेलं की वेळ लिहून दाजींना फोन करायचा. हातोडीने ठोकून नळीचं दुखणं सांगणारा, म्हणून ठोक्या. "माझं सोडून सगळ्यांचं ऐकतो मेला," असं बायको म्हणे, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, पंपघराचा सुपरवायझर. नोकरीला त्यांनीच लावलं होतं, ठोक्यालाही आणि त्याच्या धाकट्या भावालाही. धाकटा वेल्डर होता. दोन वर्षांपूर्वी, नळीचा एक तुकडा बदलायचं काम चालू असताना, तो कुणा बाईच्या नादाने पळाला. "मी स्वतः बसमध्ये बसवला. ऐकेचना," दाजी म्हणाले होते. आई दाराकडे बघत बघत गेली. ठोक्याने भिंतीवरून धाकट्याचा फोटो उतरवला आणि घरात त्याचं नाव काढायची बंदी केली.

त्या दुपारी आभाळ खाली उतरलं होतं. वारा नाही, पाखरू नाही. कच्च्या तेलाचा वास मात्र नाकात चिकटून बसलेला. तीनला दहा कमी असताना डुक्कर आलं. आधी बारीक सुरसुर, मग दातांत भरणारी घरघर, मग पुन्हा सुरसुर. ठोक्याने वेळ लिहिली. कान काढणार, तोच...

टक टक. थांबून, टक.

नळी रिकामी करून आत माणूस उतरवतात, तेव्हाची ही खूण. दोन आणि एक: काम झालं, बाहेर येतोय. बाहेरच्याने एक ठोका द्यायचा: ये. पण आज नळी काठोकाठ भरलेली. आत माणूस काय, माशीसुद्धा नसणार.

हात सवयीचा गुलाम. ठोक्याने हातोडीने एक ठोका दिला.

आतली टकटक त्याच्या कानाखाली येऊन थांबली. मग नळीला आतून काहीतरी घासत गेलं, कुणी गाल टेकवावा तसं.

ठोक्याने फोन लावला. "दाजी, डुक्कर गेलं... पण लाइनमध्ये काहीतरी आहे हो."

दाजी हळूच म्हणाले, "परत ठोकायला लागला?"

"कोण?" ठोक्या नळीपासून मागे सरकला. "मी ठोकण्याचं नावसुद्धा काढलं नाही, दाजी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दाजी, कोण ठोकतंय?"

"बिल्ला मी काढला रे फळीवरून..." दाजींचा आवाज भिजलेला होता.

आत उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला फळीवर अडकवायचा. बिल्ला फळीवर आहे तोवर नळीचं तोंड बंद करायचं नाही, देव आला तरी नाही. हा नियम दाजींनीच दोघा भावांना शिकवला होता.

"पाचला तेल सोडायचं होतं. वरचे सगळे येऊन उभे. मी हाक मारली, ओ आली नाही. वाटलं, दुसऱ्या तोंडाने निघाला असेल, बिल्ला विसरला असेल..."

"आणि बस?"

"काय सांगणार होतो मग?"

"ताईला माहीत आहे?"

दाजी म्हणाले, "तीच म्हणाली, आईला नको सांगायला. पळाला म्हणा. निदान वाट तरी बघेल."

ठोक्या चिखलात बसला. ज्या ताईच्या पदराला धरून दोघं चालायला शिकले, तिने हे जुळवलं होतं. आणि त्याने दोन वर्षं धाकट्याला शिव्या घातल्या होत्या, या नळीवरच बसून, डबा खाता खाता.

"सगळ्यांसमोर सांगायचं, दाजी. आज. त्याच्या नावावरचा डाग धुऊन काढायचा."

"सांगतो. तू ये... थांब जरा. डुकरखान्यात आवाज येतोय. दार उघडंच आहे, बघून..."

फोनमध्ये लोखंडी दार आदळलं. पुढे काही नाही.

डुकरखाना म्हणजे जिथून डुक्कर नळीत ढकलतात ती जाडजूड पेटी. ठोक्या पोचला तेव्हा तिच्याभोवती सगळं पंपघर गोळा झालं होतं. दाजींचं हेल्मेट बाहेर पडलेलं. दार हलेना. तेलाच्या जागी ज्योत चालत नाही, म्हणून पाण्याची धार सोडत करवतीने कापत बसले. पाच तास. तोवर ताई कुंपणाशी येऊन उभी राहिली. ठोक्या सगळ्यांसमोर सगळं बोलला. ताईने मान वर केली नाही.

दार पडलं. पेटी रिकामी. नळीकडचा व्हॉल्व्ह बंद, त्याचं सील शाबूत. दाजी नव्हते.

दाराच्या आतल्या कडेने वेल्डिंगचा जोड फिरवलेला होता. माशाच्या खवल्यांसारखा, एकेक टाका सारखा. कंपनीच्या तपासनीसाने बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. पाच तास पाणी पिऊनही जोड गरम होता.

"आतून मारलाय," तो पुटपुटला. "पण पुरा नाही केला. वीतभर सोडलाय."

ठोक्याला धाकट्याची सवय ठाऊक होती. काम संपलं की तो जोड पुरा करून मगच उठे. परत यायचं असेल, तेव्हाच वीतभर जागा सोडून ठेवी.

ठोक्याने वळून कुंपणाकडे पाहिलं. ताई त्या वीतभर जागेकडेच बघत होती.