नाताळच्या जेवणाची बाटली

मुलांनो, डोळे मिटा आणि बेळगावच्या खासबागेतलं एक स्वयंपाकघर समोर आणा. नाताळची दुपार, वार गुरुवार. ओट्यापाशी युवराज लाल वाईनची बाटली धरून उभा आहे. कपाळावर आठ्या आहेत.

संध्याकाळी फर्नांडिस साहेबांकडे जेवण होतं. लाल न्यावी की पांढरी, गोड की तुरट? यातलं काहीच न कळणाऱ्या युवराजने काल दुकानात बरीच डोकेफोड करून ही एक निवडली होती. आणि आता कागदात गुंडाळताना दिसलं, झाकणाचं सील तुटलेलं! त्याने थेंबभर चाखली. खारट!

"कुणीतरी प्यालंय आणि वर कोकमाचं खारट आगळ ओतलंय," तो ओरडला. बघत होता विक्रमकडे.

विक्रम त्याचा मेहुणा, नंदगडहून काल संध्याकाळी आलेला. त्याने दारू सोडून वर्ष झालं होतं.

"दाजी, मी हात बी लावला न्हाय."

"मग बाटली आपली आपणच प्याली व्हय?"

विक्रम आपली कपड्यांची पिशवी भरू लागला. "इस्वासच न्हाय, तर ऱ्हाऊन काय करू?"

"मामा, थांब की!" युवराजची मुलगी तेजस्वी मध्ये आली. "तू सोलकढीसाठी आगळ आणलंस ते कुठं ठेवलंस?"

"हितंच, ओट्यावर. दरवेळंगत जुन्या वाईनच्या बाटलीत भरून."

ती बाटली निम्मी झाली होती. केराच्या टोपलीत पिळून काढलेला नारळाचा चोथा पडला होता.

"आत्या, सकाळी नारळ कशाला फोडलास?"

चुलीजवळ उभी असलेली युवराजची बहीण, जयाआत्या, शिंकली. तिला सर्दी झाली होती. "दत्ताच्या नैवेद्याला. दर गुरुवारी करते की."

"पण आमच्या ताटात नारळाचं काहीच नव्हतं."

आत्या ओटा पुसू लागली. ओटा स्वच्छच होता.

"बाबा, ऐका," तेजस्वी म्हणाली. "नारळ पिळलाय, आगळ निम्मं झालंय, आणि सोलकढी कुणीच प्याली नाही. म्हणजे कढी केली आणि ओतून टाकली. मामाचं आगळ समजून आत्यानं ओट्यावरची तुमची बाटली उघडली. नाक बंद, वास आला नाही. नैवेद्य आधी चाखत नाहीत, म्हणून चवही कळली नाही. नंतर प्रसादाचा घोट घेतला तेव्हा कळलं. मग कढी मोरीत गेली आणि कमी झालेली वाईन मामाच्या आगळानं भरली. हो की नाही, आत्या?"

आत्या खाली बसली. "दत्ताला दारू दाखवली रं युवराज! कुणाला सांगू? विक्रमचं नाव आलं तवा तरी बोलायचं हुतं. जीभच उचलंना."

"आणि साहेबांकडं आता काय नेऊ? डोकं माझं?" युवराज चिडून म्हणाला.

विक्रम एव्हाना दाराशी पोचला होता. तेजस्वी धावत गेली. तिने मामाच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आणून बाबांच्या हातात दिली. "साहेबांचं नंतर बघू, आधी मामाला थांबवा!"