उद्या दोनदा तपास

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सरळ पुढची गोष्ट वाचा. प्रियदर्शनी माझी मावसबहीण आहे आणि तिला थापा मारता येत नाहीत. लहानपणापासून लगेच पकडली जाते.

गेल्या दिवाळीतली भाऊबीज. भरदुपार. पुण्यातली एक प्रयोगशाळा, नाव विचारू नका.

प्रियदर्शनी मूळची वर्ध्याची. इथे अणुइंधनावर पीएचडी करते. थोरियम ऑक्साइडची पांढरी पूड दाबून वाटाण्याएवढ्या गोळ्या करायच्या आणि भट्टीत तापवून टणक करायच्या. पूड किरणोत्सारी. म्हणून काम काचेच्या बंद पेटीत, पेटीला बसवलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून. समोरासमोर दोघांनी बसायचं. उठताना एकमेकांच्या तळव्यांवरून किरणोत्सार मोजायचा मीटर फिरवायचा, मगच बाहेर पडायचं.

समोर रतन बसायचा. तिचा पुण्यातला एकुलता एक माणूस म्हणा ना.

जुलैत एका संध्याकाळी त्याला बस गाठायची होती. "आज राहू दे. उद्या दोनदा तपास," म्हणाला आणि हात न तपासताच पळाला.

बस चुकली म्हणून रिक्षा केली. खडकीजवळ त्या रिक्षाला ट्रकने उडवलं. रतन जागीच गेला.

त्याच्या बाजूचे हातमोजे तिनेच बाहेर ओढून दोरीने बांधून टाकले.

त्यानंतर तिची प्रत्येक गोळी तडकली. आता शेवटची पूड उरली होती. तीही वाया गेली, तर दोघांचं चार वर्षांचं काम मातीत आणि ही बॅग भरून वर्ध्याला.

त्या भाऊबीजेला दारावर नवा वॉचमन होता, दशरथ. "मॅडम, एकट्याने आत जायचं नाही. नियम आहे."

"रतन सर आहेत आत," ती म्हणाली.

आयुष्यात एकदाच थाप पचली. तीही कुठली, बघा.

आत कोणी नव्हतं. पंख्याची घरघर तेवढी. बाहेर कोणाच्या तरी घरी भाऊबीजेची गडबड चालली असेल, या विचाराने तिला रडूच आलं.

तिने हात आत घातले, पूड साच्यात भरली, दाब दिला. आता दाब सोडायचा...

टक.

काचेवर बोट वाजलं.

दाब भसकन सोडला की गोळीला चीर जाते. ती घाई करायला लागली की रतन असंच बोट वाजवायचा. "सावकाश, बाई. कुठे आग लागलीये?"

तिने मान वर केली नाही. दाब अगदी हळू सोडला.

गोळी अखंड निघाली.

पुढची दाबली. पुन्हा टक. पुन्हा अखंड.

सगळ्या गोळ्या झाल्या, भट्टीत गेल्या, भट्टी सुरू झाली. तेव्हा कुठे तिने समोर पाहिलं.

दोरी जमिनीवर पडली होती.

समोरचे हातमोजे पेटीच्या आत होते... भरलेले.

तळवे वर करून, तिच्याकडे.

भीती वाटली का, असं मी विचारलं होतं. "नाही गं," म्हणाली, "इतक्या महिन्यांनी कोणीतरी समोर बसलं होतं."

तो काय मागतोय, ते तिला कळलं. तिने मीटर घेतला आणि काचेवरून, त्या तळव्यांवर, फिरवला.

एकदा.

मग जरा थांबली. पुन्हा फिरवू नये असं तिला फार वाटलं. पण ठरलं होतं तसं तिने केलं.

दुसऱ्यांदा.

बोटं एकेक करून रिकामी झाली.

सवयीने तिने स्वतःचे हात पुढे केले... आणि तशीच उभी राहिली. ते तपासायला आता कोणीच नव्हतं.

शेवटी स्वतःच कसेबसे तपासून ती बाहेर आली.

दशरथ खुर्चीत बसला होता. "सर मघाशीच गेले, मॅडम. बस गाठायची म्हणाले."

भट्टी थंड झाल्यावर गोळ्या काढल्या. एकीलाही चीर नव्हती. तिची पीएचडी होईल आता, सगळे खूश आहेत.

पण ती कुठूनही निघाली की दारात हात पुढे करून उभी राहते. माझ्या घरून निघतानाही. मी काय करणार? तिच्या तळव्यांवरून माझा हात फिरवते आणि म्हणते, "झालं, जा आता."

ती जात नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत राहते आणि हळूच म्हणते,

"दोनदा."