उलटी लागलेली रीळ

आमच्या गावात सिनेमाचं शूटिंग एकदाच झालं. मुखवटा घातलेला माणूस सुरी घेऊन घरोघरी शिरतो, असला सिनेमा. त्यात स्वयंपाकघरात मरणारी मुलगी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला मागं वळून किंचाळायचं होतं, बस. ती अशी किंचाळली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. मुखवटेवाल्याचं काम करणारा नट त्या दिवशी आजारी होता, आलाच नव्हता, हे आम्हांला मागाहून कळलं.

मी इथल्या थिएटरात ऑपरेटर. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. गावाला मात्र त्या सिनेमाचं भारी वेड, मालक तो दरवर्षी लावतातच. बहीण मशीनच्या खोलीत माझ्या सोबतीला बसते आणि तिच्या मरणाची शेवटची रीळ आली की उठून जाते.

परवा दुपारच्या शोला मी घोळ घातला. खेळ संपला की रीळ परत गुंडाळून ठेवायची असते, शेवटची तशीच राहिली होती. मी ती शेपटाकडून मशीनला लावली. अशी रीळ पडद्यावर डोकं खाली, पाय वर दिसते आणि आवाजाची पार खिचडी होते. मी कपाळावर हात मारून बटणाकडे वळले.

चित्र सरळ होतं.

फक्त मागं मागं चाललं होतं. फरशीवरचं रक्त पडद्यावरच्या बहिणीच्या झग्यात शिरलं. ती उठून उभी राहिली. मुखवटेवाला उलट्या पावलांनी दाराकडे सरकू लागला. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

बहीण निघता निघता दारातच थबकली होती.

"चुकून लागली गं, बंद करते," मी म्हणाले.

तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

किंकाळी लांबून आली, मोठी होत गेली, आणि पडद्यावरच्या तिच्या उघड्या तोंडात शिरली. तोंड मिटलं.

"ताई," माझ्या कानाशी घोगरा आवाज आला. "राहू दे. जाऊ दे त्याला."

मी तिला मिठी मारून ढसाढसा रडले. मशीन आपलं चालूच.

तेव्हापासून बाईसाहेबांची टकळी थांबत नाही. सकाळी चहाच्या आधीच माझं डोकं खाते. खाऊ दे. इतकी सुखात मी कधीच नव्हते.

काल ती रीळ मी नीट सुरुवातीकडून लावली आणि एकटीनंच चालवून पाहिली. स्वयंपाकघर रिकामं होतं. बहीण कुठंच नव्हती. तो आत आला, घुटमळला, सुरी ओट्यावर ठेवली. मग थेट माझ्या खिडकीकडे वळून त्यानं मुखवटा हनुवटीवरून वर सरकवला आणि तोंड मोठ्ठं उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या.

मी आवाज पूर्ण वाढवला. पडद्यावरच्या नळाचा एकेक थेंब स्पष्ट ऐकू येत होता.