ओढ्यावरची लॅटिन

डोंगरकडा गावच्या ओढ्यावर दोन मोटारी एकदम चालू झाल्या, की दोन्ही नुसती हवा ओढायच्या. म्हणून ठरलं होतं... ज्याची पाळी, त्यानं बाभळीला लाल फडकं बांधायचं. त्या दुपारी पुनम फडकं घेऊन गेली, तर तिथं आधीच एक फडफडत होतं. आणि खाली शेजारच्या शेतातला रणजीत पुस्तकात डोकं घालून बसला होता.

"आज आमची पाळी हाय."

"व्हय का? पाठ करता करता वार विसरलो." त्यानं मुकाट मोटार बंद केली. "तलाठ्याची परीक्षा. तू बी फॉर्म भरलास ना?"

"भरला. म्हंजे आपण रायव्हल."

"रायव्हल म्हंजे काय, ठाव हाय का तुला?"

"दुश्मन."

"मूळ लॅटिन हाय. रिव्हस म्हंजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी घेणारे, ते रायव्हल."

पुनमनं ओढा पाहिला, दोन पाइप पाहिले, मग त्याला पाहिलं... जरा जास्तच वेळ. रोममध्येही कुणीतरी वार विसरत असणार, या विचारानं तिला उगाच बरं वाटलं.

मग महिनाभर पाळी कुणाचीही असो, ओढ्यावर दोघं. शब्दांची मुळं सापडत गेली, शेतातल्या हळदीची मुळं कोरडी राहिली.

शेवटी तिच्या बापानं, दगडोबानं, बोअरची गाडी बोलावली. "आता ओढ्यावर जायची तकलीफ न्हाई, लेकरा!"

पुनमला रडूच फुटलं. पोरगी आनंदानं रडते, असं घरात ठरलं. तिनं गुपचूप औंढ्याच्या नागनाथाला नारळ बोलला — पाणी लागू देऊ नको. पण नागनाथाकडं दगडोबाचा अर्ज आधी गेला होता. दोनशे फुटांवर फवारा उडाला.

तरी दुसऱ्या दिवशी ती ओढ्यावर गेली. रिकाम्या हातानं.

"आता तुमचं पाणी येगळं," रणजीत पुस्तकाकडं बघत म्हणाला. "मग आलीस काहून?"

"काम न्हाई म्हणून घरी बसू?"

"तसं न्हाई... पण..."

"बिनकामाची आले, रणजीत. कळंना का तुला?"

त्यानं पुस्तक मिटलं. उघडलं. परत मिटलं. "याला लॅटिनमधी—"

"लॅटिन ठेव बाजूला. डोंगरकड्याचं बोल."

"मला तू पायजेस. पास हो, न्हाईतर नापास हो."

"मी तर पास होणार हाय. तू तुझं बघ. आन आमच्या आबाला तूच सांगायचं. आज लई खुशीत हायत. उद्याचं सांगता येत न्हाई."

रणजीत ताडकन उठला आणि चालायला लागला... दगडोबाच्या घराच्या बरोबर उलट्या दिशेनं. पुनमनं धावत जाऊन त्याला खांद्याला धरून वळवलं.

हात मात्र तिनं काढला नाही.