तळमजल्यावरची बेल

दिवा राहू दे तसाच. ही माझ्या मेहुण्याची गोष्ट आहे, आणि तो काही थापाड्या नव्हता. थापा मी मारतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

समुद्राकाठच्या एका लॉजवर तो रात्रपाळीला काउंटर सांभाळायचा. तीन डिसेंबरची रात्र. मालक घरी जाताना सांगून गेला, "सकाळी व्हीलचेअरवाले पाहुणे येतायत. तळमजल्याची खोली तयार ठेव."

त्या खोलीचं नाव काढलं की मेहुणा विषय बदलायचा. तिथल्या बाथरूममध्ये एक लाल दोरी होती. कुणी पडलं तर ती ओढायची, की काउंटरवर बेल वाजणार, बेलवरचा बारीक लाल दिवा लागणार. या बेलच्याच जिवावर लॉजच्या पाटीवर व्हीलचेअरचं चित्र मिरवत होतं. पण फरशी पुसताना दोरी भिजते, म्हणून सफाईच्या मावशी ती गुंडाळून वर खुंटीला बांधून टाकायच्या. आदल्या वर्षी एक मास्तर आले होते, खुर्चीतून, एकटेच. साठी उलटल्यावर पहिल्यांदा समुद्र बघायला. "तुमच्या समुद्राला म्हणावं, सकाळी भेटतो," असं मेहुण्याला हसून म्हणाले. रात्री बाथरूममध्ये पडले. दोरी वर. सकाळी सापडले ते गेलेलेच. मेहुणा रात्रभर काउंटरवर जागा होता, आणि तेच त्याला आतून खात होतं. निदान या नव्या पाहुण्यांचं तसं होऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

दीडच्या सुमाराला त्याने स्वच्छ चादरी घातल्या. दोरी सोडली, पार फरशीपर्यंत लोंबती ठेवली. कुलूप लावून काउंटरवर आला. किती दिवसांनी त्याला जरा बरं वाटत होतं.

बेल वाजली.

खोलीत कुणी नव्हतं. कुलूप त्यानेच लावलेलं... तो गेला. दार उघडलं. दोरी खुंटीला बांधलेली. घट्ट.

हसताय? हसा. तोही आधी हसलाच.

गाठ सोडायला त्याने हात वर केला. पाय सटकला. फरशी कोरडी होती... तरी सटकला. उठायला गेला. पाय हलेनात. कमरेखाली काही जाणवेचना. हात ताणला. दोरी वीतभर वर. त्याने हाक मारली.

कुणी नाही.

आणि मग... काउंटरवर बेल वाजायला लागली. थांबेचना. वाजतेय... कुणी येत नाही... वाजतेय...

सकाळी मावशींनी त्याला बाहेर आणून काउंटरसमोरच्या बाकावर निजवलं. वरच्या मजल्यावरची गिऱ्हाइकं तणतणत खाली आली. "रात्रभर बेल बोंबलतेय! उठून बघायला कुणी नाही का इथे?"

"मग तुम्ही का नाही आलात?" मावशी म्हणाल्या.

"आम्ही? आम्ही पैसे भरून राहतोय, बाई!"

मालकाने वायरमन बोलावला. त्याने बेलचं झाकण काढलं. आत वायरच नव्हती. कधी जोडलीच नव्हती. बेल नुसती तपासणीपुरती भिंतीवर ठोकलेली. म्हणजे दोरी खाली असती तरी मास्तर मेलेच असते.

"असू दे, बसव झाकण," मालक म्हणाला.

तेवढ्यात पाहुणे आले. आई, आणि खुर्चीत तिची तरुण मुलगी. मालकाने दोरी आहे, बेल आहे, सगळं कौतुकाने सांगितलं आणि किल्ली दिली. "खिडकीतून समुद्र दिसतो ना हो, काका?" मुलीने बाकावरच्या मेहुण्याला विचारलं. त्याने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. शेवटपर्यंत फुटला नाही. हे सगळं त्याने मला पुढे लिहून सांगितलं.

मुलगी खोलीकडे वळली, तेव्हा त्या बेलवरचा बारीक लाल दिवा लागलेला होता.