शांतिपाऱ्याचं शुद्ध पाणी

पाणी पिण्यायोग्य आहे, असं तुम्ही लिहून दिलंत, साहेब. शिक्का मारलात. शांतिपारा गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर कागद चिकटवून तुमचा माणूस निघून गेला. त्या कागदावर विश्वास ठेवला म्हणून रेणू मेली. याला खून म्हणायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. सोयीचा शब्द शोधण्यात तुमचा हात कोण धरणार?

रेणू ही पंचफुलाबाईंची सून. सहावा महिना चालू होता. डोळे हळदीसारखे झाले आणि दुर्ग शहराच्या इस्पितळात ती गेली, पोटातल्यासकट.

त्याआधी गल्लीत पीलिया, म्हणजे कावीळ, निघाला होता, पाण्याला नालीचा वास होता. तेव्हा पंचफुलाबाई पाणी उकळून, गाळून सुनेला देत. मग लोकांनी तक्रार केली, तपासणी झाली, कागद लागला. पंचफुलाबाईंनी उकळणं बंद केलं. सिलिंडर जरा जास्त टिकेल, एवढाच विचार.

त्यांचा मुलगा सुगत रसमडाच्या कारखान्यात जातो. बायकोला माती देऊन आल्यापासून तो घरचं पाणी पीत नव्हता. आईशी बोलत नव्हता. भांडण झालं असतं तर बरं, पण ते पण नाही. दोघं एका खोलीत दोन सामानांसारखी पडून असायची.

रेणूच्या पुण्यानुमोदनाला दुर्गहून आम्रपाली आली. पंचफुलाबाईंची भाची, दुर्ग कोर्टात वकील. परित्राण पाठ संपला, सुगत उठला आणि शेजारच्या घरी पाणी प्यायला गेला. ते तिने पाहिलं. पंचफुलाबाईंनीही पाहिलं.

"मीच मारली तिले," पंचफुलाबाई म्हणाल्या. पाऊस थांबला, असं सांगावं त्या आवाजात.

आम्रपालीने घरच्या नळाचं पाणी बाटलीत भरलं आणि ओळखीच्या प्रयोगशाळेत दिलं. पाण्यात मैला निघाला. पाणी खात्याने सांगितलं, पाइप नंतर फुटला असेल. तपासणीच्या दिवशी पाणी शुद्धच होतं. नाहीतर तुमचा माठ घाण असेल.

पण वास तर तपासणीच्या आधीपासून होता. मग त्या एका दिवसापुरतं पाणी शुद्ध कसं झालं?

नमुने घेणारा विजयकुमार तिला कचेरीच्या व्हरांड्यात भेटला. राजनांदगावचा, घरात मराठी, बाहेर हिंदी. घाबरलेला नव्हता.

"नमुने तुम्हीच घेतले?"

"मैंनेच लिया मॅडम. गल्लीतल्या चार नळांवरून."

"कसे घेतले?"

"प्रोसेसनेच. नळाच्या तोंडाला पण जंतू असतात ना. म्हणून स्पिरिटचा बोळा पेटवायचा, तोंड चांगलं तापवायचं, मग थोडं पाणी सोडून बाटली भरायची. इसके बिना मैं सॅम्पल लेताच नाही."

त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. आम्रपालीला तो खरा वाटला. तीच अडचण होती. माणूस खरा, नमुना खरा, अहवाल खरा आणि रेणू मेलेली.

मग ती गल्लीत घरोघर फिरली. रत्नमालाबाई म्हणाल्या, डबा घेऊन नमुनेवाला साहेब आला होता, आपण बघितला. पण आपल्याकडे नाही, जानरावांकडे घेतलं पाणी. जानराव म्हणाले, नाही बा, नरहरीकडे. नरहरीने पुढच्या घराकडे बोट दाखवलं. प्रत्येकाची खात्री होती की नमुना शेजाऱ्याच्या नळाचा. खोटं कुणीच बोलत नव्हतं. सरकारी माणूस आला की त्याला केवलरामकाका सांभाळतात, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही, ही गल्लीची रीत. मतदारयादी असो की मीटरवाला, पहिला चहा काकांच्या अंगणात. त्या दिवशीही तसंच झालं होतं.

जानरावांकडे हात धुताना नळाची निळी चावी तिच्या हातात फिरली. सगळ्या गल्लीत असेच प्लास्टिकचे नळ. पितळी लावला की रात्रीतून कुणीतरी पिळून नेतो आणि कबाडीला विकतो, असं जानराव म्हणाले. "या गावात लोखंड-पितळ बाहेर ठेवनं म्हनजे दान देनं आहे," ते हसून म्हणाले.

केवलरामकाका पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले. गोंदियाकडचे, शेतकरी घरातले. घर गल्लीच्या कोपऱ्यावर, पाठ हुडको कॉलनीकडे. फाटकाला कुलूप असतं. सिंधुताई आत अंगणात चिंच लावून पितळी नळ घासत होत्या. नळाच्या वर भिंतीवर काळी झाक होती. तिथे दिवा लावत असतील, असं आम्रपालीला वाटलं. पाणी गार होतं. वास नव्हता.

"आमची लाइन वेगळी आहे, हुडकोकडची," काका म्हणाले. "पह्यलेपासून."

"काका, त्या दिवशी विजयकुमारसोबत तुम्ही होता?"

"होतो ना. चारही घरी मीच नेलं त्याले."

"तुमच्याकडचं पाणी घेतलं त्याने?"

"माह्यं कावून घेईन? माह्या पान्याची तक्रारच नाही."

"चारही घरी नळ तापवला?"

"तापवला. माह्या डोळ्यांसमोर."

आम्रपाली चहा पिऊन उठली. फाटकाशी थबकली. पुन्हा एकदा भिंतीकडे बघितलं. मग हुडकोच्या दुकानात जाऊन तिने एक निळ्या चावीचा नळ आणि मेणबत्ती घेतली.

रविवारी दुपारी तिने सगळ्यांना काकांच्याच अंगणात बोलावलं. विजयकुमारही आला. सुगत भिंतीला टेकून उभा राहिला, पंचफुलाबाई उंबऱ्याशी बसल्या. मायलेकांच्या मध्ये अख्खं अंगण.

आम्रपालीने मेणबत्ती पेटवली आणि नवा नळ चिमट्याने ज्योतीवर धरला. आधी वास आला. मग तोंड वाकलं, काळं झालं आणि एक थेंब फरशीवर गळून पडला.



"गल्लीतले सगळे नळ मी पाहिले," ती म्हणाली. "एकाचंही तोंड वितळलेलं नाही. एकही बदललेला नाही, सगळ्यांवर जुना क्षार चढलाय. विजयकुमार म्हणतात, तापवल्याशिवाय मी नमुना घेत नाही. ते खरं असेल, तर या गल्लीतल्या नळाचा नमुना घेतलेलाच नाही. घेतला तो तापवता येईल अशा नळाचा. गल्लीत तसा एकच आहे, कुलपाच्या आत. त्याच्यावर भिंत काळी आहे. काकू, इथे दिवा लावता?"

सिंधुताईंनी नवऱ्याकडे बघितलं. "नाही वो," त्या म्हणाल्या. "तो डाग तं त्या दिवसापासूनचा आहे. नळही काळा झालता. म्हनूनच घासून राहिली मी."

विजयकुमारने मान खाली घातली होती. "प्लास्टिक को आग कैसे लगाता, मॅडम? मी तसं म्हटलं, तर काका बोलले, सबका पानी एकच आहे, इथूनच भरा चारही. ऊपर से फोन आया, काका जो बोले वो करो. मग नावं चार घरांची टाकली."

"आणि पाणी एकच असतं," आम्रपाली म्हणाली, "तर काकांनी मला ते का नाही सांगितलं? उलट वेगळी लाइन म्हणाले. त्यांना माहीत होतं कोणतं पाणी चांगलं निघणार."

केवलरामकाका खाटेवर बसले. रडले नाहीत. त्यांचा चेहरा धुऊन वाळत घातलेल्या कपड्यासारखा झाला होता.

"साहेब आलते आदल्या दिवशी," ते म्हणाले. "गाडीतून उतरले बी नाही. काच खाली करून बोलले. पानी खराब निघालं तं वस्ती राहन्यालायक नाही, असं वर जाईन. मंग जागेचे पट्टे भेटनार नाही, बुलडोझर येईन. तुमीच पाहा म्हने, केवलरामजी, तुमी समजदार आहा. मी घरं वाचवली. पंचफुलाबाईचं बी वाचवलं."

"मंग मले तुमच्या नळाचं पानी न्यायले कावून नाही सांगतलं?" पंचफुलाबाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"सांगतलं असतं तं तुमी कारन विचारलं असतं."

पंचफुलाबाईंनी मान हलवली. उत्तर पटल्यासारखी. मग त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

सुगत चालत अंगण ओलांडून आला आणि आईजवळ खाली बसला.

दुसऱ्या दिवशी आम्रपाली तक्रार लिहायला बसली. काका आणि विजयकुमार जबानी द्यायला तयार होते. गाडीतल्या साहेबांचं नाव मात्र दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं, आणि खात्यात विचारलं तर असे कोणी साहेबच नाहीत. आत्याला तिने विचारलं, काय मागू? नुकसानभरपाई?



"एवढंच लिही," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पानी खराब होतं हे त्याहिले पह्यलेच मालूम होतं. मंग पाइप बदलाचा सोडून मानसंच काढाचं कोनाच्या डोक्यात आलं?"

तक्रारीत तेवढंच लिहिलं आहे. साहेब, तुम्ही कोण ते सांगा. आणि उत्तर द्या.