फिका बलक

सुवर्णा रडत आली नाही, चिडून आली. मखमलाबादच्या मळ्यातली ही बाई भाजी विकून थेट पंचवटीत, गुप्तहेर वेणीमाधव शुक्लांच्या ऑफिसात शिरली. “सासू मला चोर म्हणती. रविवारी हरसूलला माहेरी धाडणार, अन् माझी पोरगी ठिवून घेणार. खरा चोर शोधून द्या.”

चोरी कोंबड्यांच्या दाण्याची होती. मका आणि शिंपल्यांच्या चुऱ्यावर पोसलेल्या घरच्या गावठी कोंबड्या. तिची चार वर्षांची दिशा अशक्त, म्हणून डॉक्टरांनी रोज अंडं सांगितलेलं. पण हल्ली कवच हात लावताच पिचायचं आणि बलक पांढुरका निघायचा. कोठीतल्या दाण्यात मका नावाला, बाकी सगळा भाताचा कोंडा. आणि कोठीची किल्ली सुवर्णाकडे.

शुक्ल पडले उपाध्यांच्या घरातले, अंड्याला कधी न शिवलेले. त्यांनी मदतनीस महेशकडे पाहिलं. महेश ऑम्लेटचा मोठा जाणकार. बाकी बाबतीत आनंदच होता.

मळ्यात सासू आक्काबाईंनी चहा दिला आणि सुनेच्या चुकांचा पाढा वाचला. त्यांचं घर रीतीभातीचं. श्रावणात इथे अंडं फुटत नाही, दिशासाठीसुद्धा नाही. सगळी बाजारात जातात. श्रावण संपला आणि पोळ्याला त्यांनी किल्ली सुनेच्या हाती दिली.

सुवर्णाचा नवरा गोरक्ष पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसात कामाला होता. दाण्याचं पोतं तोच तिथून एम-एटी मोपेडवर आणायचा. तो म्हणाला, “साहेब, श्रावणात किल्ली आईकडं होती, तवा बलक कसा शेंदरी निघायचा. हिच्या हातात गेली अन् पांढरा पडला. आता तुमीच समजा.”

कोठीत एक न उघडलेलं पोतं होतं. त्याचं तोंड सुतळीने, हाताने शिवलेलं होतं. शुक्लांनी ते उघडायला लावलं. आत कोंडाच निघाला.

पिंपळगावचा दाणेवाला सहादू याने दुकानातली पोती दाखवली. सगळी यंत्रावर शिवलेली, आत पिवळाधमक मका. महेशला तरी हाच भेसळ करत असणार असं वाटलं. शुक्लांनी त्याला एक काम सांगून तिथेच ठेवलं आणि ते एकटे परतले.

रविवारी सुवर्णाची पिशवी भरून ओट्यावर ठेवली होती. सगळे जमल्यावर शुक्ल बोलू लागले.

“आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कोंबडीच्या चोचीत जातं तेच अंड्यात उतरतं. मका गेला, बलकाचा रंग गेला. शिंपला गेला, कवच पिचलं. पोरीच्या पोटात जाणारा कसही गेला. पोतं दुकानातून यंत्राच्या शिवणीने निघतं आणि इथे सुतळीच्या शिवणीने पोचतं. बदल वाटेतच होतो, किल्लीचा संबंधच नाही. आणि वाटेत पोतं फक्त गोरक्षच्या हातात असतं.”

“म्हंजी मी मका इकून खाल्ला?” गोरक्ष हसला.

“विकला नाही. श्रावणात या घरात अंडं फुटलं नाही. मग शेंदरी बलक तुम्ही पाहिला कुठे?”

ऑम्लेटच्या गाडीवर खाल्लं असेल, असं तो पुटपुटला.

“गाडीवर पोल्ट्रीची अंडी असतात, त्यांचा बलक फिकाच. शेंदरी बलक म्हणजे मका खाणाऱ्या घरच्या कोंबड्या. आणि श्रावण न पाळणारी दुसरी चूल.”

महेशने मान खाली घालून पाहिलेलं सांगितलं. पोतं पॅकहाउसामागच्या एका खोलीपाशी उतरलं. दारात कोंबड्या होत्या. तिथल्या बाईने गोरक्षला “अहो” म्हणून हाक मारली.

सुवर्णाने नवऱ्याकडे पाहिलंच नाही. ती सासूकडे वळली. “आत्याबाई, कोण बाई म्हणून तुमी इचारलं नाय.”

नवऱ्याचं पाप तिने एक वेळ गिळलं असतं. पण सासू तर रोज तिच्या हातचं जेवणारी, तिच्याकडून पाय चेपून घेणारी बाई होती. सगळं ठाऊक असून तिनेच सुनेला चोर ठरवलं होतं.

आक्काबाई म्हणाल्या, “तिकडं मुलगा हाय.”

सुवर्णाने दिशाला कडेवर घेतलं आणि पिशवी उचलली. तिला कुणी थांबवलं नाही. पोरगी ठेवून जा, असंही आता कुणी म्हणालं नाही.